पाच दिवसांची बाटली

पंधरा डिसेंबरला रात्री पावणेदोनला
मी शेवटचं बटण दाबलं.
बर्का गावात त्या वेळी जागं होतं
चहा-पराठ्याचं एक दुकान
आणि समुद्र.
पाच विद्यापीठं. हाच विषय का शिकायचा आहे
याची पाच वेगवेगळी, पाचही खरी कारणं.
फी भरताना कार्ड दोनदा नाकारलं गेलं.
म्हटलं, सवय झालेली बरी.

तेव्हापासून एकच ओळ:
अर्ज विचाराधीन आहे.
कोणाच्या विचाराच्या अधीन, ते लिहीत नाहीत.

इकडे गुरुवारी संध्याकाळी आठवडा संपतो,
तिकडे शुक्रवार अजून शिल्लक असतो.
म्हणजे माझ्या सुट्टीतही
मला नको म्हणायला त्यांच्याकडे अख्खा दिवस.

साखळकर सरांनी रत्नागिरीहून शिफारस पाठवली,
पासवर्ड तीनदा विसरून.
"अगं, हे विचारतायत तू पहिल्या पाच टक्क्यांत की दहा?
मी लिहिणार होतो, मुलगी चिवट आहे.
पण लिहायला जागाच नाही, नुसते चौकोन."
कुठल्या चौकोनात खूण केली
ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

आई शेजारी सांगते, तिचं चाललंय काहीतरी.
त्याचा त्यांनी भलताच अर्थ काढलाय.
चौतिसाव्या वर्षी तोही सोयीचा.

शायनीची फाइल अकरा महिने जर्मनीत आहे.
नर्सच्या ड्यूटीवरून येऊन मासे तळताना
ती जर्मन आकडे म्हणते
आणि सत्तावीसला अडखळते.
तिकडे सात आधी, वीस मागून; हे काय उलटं?
मी म्हटलं, आमच्याकडेही तसंच, सत्ता-वीस.
लहान ते आधी येतं.
मोठ्याची वाट पाहावी लागते.
ती म्हणाली, शहाणपणा पुरे, मासा उलट.

फेब्रुवारीत समुद्र तांबडा झाला.
शेवाळ इतकं, की प्लांटचं तोंड बंद करावं लागलं.
गोडं पाणी करणारी एवढी यंत्रं
नऊ दिवस गप्प.
सालिम दगडावर बसून खजूर खायचा.
तीस वर्षं बघतोय, म्हणाला, जातं ते.
कधी?
त्याने बी वाळूत टाकली.
ते त्याला माहीत.

त्या नऊ दिवसांत पहिलं उत्तर आलं.
खेद होता, शुभेच्छा होत्या,
आडनावाचं स्पेलिंगसुद्धा बरोबर.
मी लॅबमधल्या रिकाम्या बाटल्या
पुन्हा एकदा धुतल्या.

प्लांट सुरू झाला, नमुने आले.
नवा मुलगा, यूसुफ, त्याला दाखवलं:
बाटली काठोकाठ भरायची, एक बुडबुडा राहता कामा नये,
काचेचं बूच,
मग वीस अंशांवर, अंधारात, पाच दिवस.
तिसऱ्या दिवशी तो कपाटापाशी उभा.
जरा उघडून बघू?
मी म्हटलं, उघडलीस की हवा आत शिरणार.
मग उत्तर पाण्याचं येणार नाही,
तुझ्या घाईचं येईल.
आत काही घडत नाहीये असं वाटतं ना?
तेच तर आपण मोजतोय.

तो गेला.
मी तिथेच उभी राहिले,
स्वतःचं वाक्य हातात धरून.
कुठल्याशा बर्फातल्या इमारतीत
घसा बसलेलं कुणीतरी
माझं तिसरं पान वाचत असेल,
किंवा नसेल; गठ्ठ्यात खालून सहावी असेन.
माझा वेळ तिकडे वाया जात नाहीये,
तो नुसता वापरला जातोय, मला न विचारता.
फरक एवढाच,
माझ्या बाटल्यांवर उघडायची तारीख असते.

एवढं समजूनही
रात्री फोन उघडलाच.
विचाराधीन.
चार ठिकाणी विचाराधीन.
ओट्याशी शायनी आकडे म्हणत होती.
सत्तावीस गेला कधी, कळलंच नाही,
ती अठ्ठाविसावर होती.